जुना प्लाझ्मा टीव्ही घरी आणून नीट कसा लावायचा

जळगाव-धुळ्याकडे कुणी जुना ५० इंची प्लाझ्मा स्वस्तात आणला की पहिल्या आठवड्यात मला दोन फोन ठरलेले. पहिला, "भाऊ, चित्र मळकट दिसतंय." दुसरा, "मागून गुंगूं आवाज येतोय, फुटणार तर नाही ना?" घरी जाऊन बघावं तर दहापैकी आठ वेळा टीव्ही चांगला असतो. चुकलेला असतो तो क्रम. आणल्या आणल्या वायर खोचली, बातम्यांचं चॅनेल लावलं, चित्र भडक केलं आणि मग कधीतरी अर्थिंगचा विचार केला, असा उलटा प्रवास असतो.

पॅनासॉनिकने प्लाझ्मा बनवणं २०१३ च्या शेवटी थांबवलं, सॅमसंग आणि एलजीने २०१४ मध्ये. म्हणजे आज हातात येणारा कोणताही सेट दहा वर्षांहून जुना आहे. काळजी घेतली तर हा टीव्ही रात्रीच्या अंधारात असं काळं आणि असे माणसाच्या कातडीचे रंग दाखवतो की त्या किमतीत दुसरं काही मिळत नाही. पण खालचे टप्पे याच क्रमाने करा.

## १. बघायला जाण्याआधीची तयारी

सेट खरंच प्लाझ्मा आहे का, हे मागच्या लेबलवरून कळतं. विकणारे सगळ्याच जाड टीव्हीला प्लाझ्मा म्हणतात. सॅमसंगच्या मॉडेल नंबरची सुरुवात 'पीएस'ने असेल तर प्लाझ्मा. 'एलए' म्हणजे एलसीडी, 'यूए' म्हणजे एलईडी. पॅनासॉनिकमध्ये 'टीएच-पी' प्लाझ्मा आणि 'टीएच-एल' एलसीडी. एलजीमध्ये इंचाच्या आकड्यानंतर 'पी' येतो. विकणाऱ्याकडून फोनवरच लेबलचा फोटो मागवा.

त्याच लेबलवर वॅट लिहिलेले असतात. तो आकडा वहीत टिपा, पुढेही लागणार आहे. ३०० वॅटचा सेट रोज पाच तास चालला तर महिन्याला ४५ युनिट होतात. ५० वॅटचा ३२ इंची एलईडी तेवढ्याच वेळात साडेसात युनिट घेतो. घरचा वापर ८०-९० युनिट असेल तर हा टीव्ही तुम्हाला १०० युनिटांच्या पायरीवरून पुढच्या दरात नेणार. हा हिशेब घरच्यांसमोर आधीच मांडा. महिन्याभराने बिल बघून सेट विकायला काढलेली घरं मी पाहिली आहेत. चित्र गडद असेल तर प्लाझ्मा कमी वीज खातो, उजळ असेल तर जास्त. त्यामुळे लेबलवरचा आकडा ही वरची मर्यादा समजा.

एका पेनड्राइव्हवर सहा कोरी चित्रं टाका. पूर्ण पांढरं, काळं, लाल, हिरवं, निळं आणि मध्यम राखाडी, प्रत्येकाचा आकार १९२० बाय १०८०. मोबाइलवर पाच मिनिटांत तयार होतात. सेट पेनड्राइव्ह वाचत नसेल तर लॅपटॉप आणि एचडीएमआय केबल सोबत न्या. शिवाय एक मेझरटेप घ्या. घराच्या दरवाजाची रुंदी आणि टेबलाची लांबी मोजून मगच निघा.

## २. दुकानात किंवा विकणाऱ्याच्या घरी

आधी तपासा: सेट थंड आहे का, मागे हात लावून बघा. गरम असेल तर तो तुम्ही येण्याआधीच चालू करून ठेवलाय. बंद करायला सांगा, चहा घेऊन या, मग सुरू करा. पॉवर सप्लायची दुखणी थंड सेट सुरू होतानाच दिसतात. क्लिक-क्लिक होऊन परत बंद पडणं किंवा लाल दिवा ठरावीक वेळा लुकलुकणं, असं काही दिसलं तर व्यवहार तिथेच थांबवा.

चालू झाल्यावर चित्रं या क्रमाने लावा. काळ्यावर लाल-हिरव्या ठिणग्या विजेसारख्या चमकत असतील तर आतले व्होल्टेज बिघडलेत किंवा पॅनेल थकलंय. राखाडीवर ठसे शोधा, म्हणजे एकाच जागी फार वेळ राहिलेल्या चित्राच्या खुणा. खालच्या बाजूला बातम्यांच्या पट्टीची फिकट सावली आणि वरच्या कोपऱ्यात चॅनेलचा लोगो, ही दोन ठिकाणं हमखास. मग लाल, हिरवं, निळं. राखाडीवर न दिसलेला ठसा एखाद्या रंगावर स्पष्ट दिसतो. शेवटी पांढरं.

पांढऱ्या चित्रावर दोन गोष्टी होतील आणि दोन्हीला घाबरू नका. पडद्याचा उजेड थोडा उतरेल, कारण पूर्ण पांढऱ्याला फार वीज लागते आणि सेट स्वतःच ती आवरतो. दुसरं म्हणजे मागचा गुणगुणाट वाढेल. परत काळं चित्र लावा, आवाज उतरला पाहिजे. चित्राबरोबर चढणारा-उतरणारा आवाज हा प्लाझ्माचा स्वभाव आहे. चित्र काहीही असो, तडतड-चटचट असा आवाज येत राहिला तर मात्र सेट घेऊ नका.

असाच अर्धा तास चालू ठेवा. तापल्यावर उभी रेघ किंवा अर्धा पडदा काळा, असं काही बाहेर येतंय का बघा. तोवर सगळे एचडीएमआय, आवाज आणि रिमोट तपासून घ्या. मूळ स्टँड आणि त्याचे स्क्रू मागून घ्या. स्टँड नसलेला सेट भिंतीला टेकवून ठेवायची कल्पना डोक्यातून काढून टाका.

घासाघीस कशावर करावी: फिकट ठसा असेल तर भाव पाडा. रेघ असेल तर भाव पाडून उपयोग नाही, घेऊच नका. आणि "पॅनेल किती तास चाललंय" यावर वाद घालू नका. कंपन्या ६० हजार ते १ लाख तासांचं आयुष्य सांगत. रोज पाच तास धरले तर दहा वर्षांत १८ हजार तास होतात. माझ्या पाहण्यात सेट आधी पॉवर सप्लायने दगा देतात, पॅनेलने नाही.

## ३. घरी आणणं

उभाच आणायचा. आडवा एक किलोमीटरही नाही.

प्लाझ्माचं पॅनेल म्हणजे दोन मोठ्या काचा, मध्ये वायू भरलेल्या लाखो बारीक खोल्या. आडवा टाकला की काच स्वतःच्या वजनाने मध्ये वाकते आणि एका खड्ड्यात तडकते. आमच्या गल्लीतल्या एकाने जळगावहून अमळनेरला छोट्या हत्तीत टीव्ही आणला, खाली चांगली जाड गादी घालून, वर पाठीवर निजवून. उतरवताना बाहेर ओरखडाही नव्हता. चालू केला तर आवाज आला, चित्र आलंच नाही. टॉर्च मारून तिरकं पाहिलं तेव्हा खालच्या कोपऱ्यातून केसासारखी बारीक रेघ वर गेलेली दिसली. ती काच दुरुस्त होत नाही.

स्टँड काढून ठेवा. पडद्यावर आधी धुतलेली मऊ चादर, मग गोधडी. पडद्याची बाजू केबिनच्या सपाट पत्र्याकडे, मध्ये अजून एक गोधडी, आणि दोरी फ्रेमवरून घ्या, काचेवरून नको. एक माणूस मागे बसून धरून ठेवणार. जुना ५० इंची सेट ३० किलोच्या आसपास भरतो, कधी जास्तही, म्हणून उचलायला दोघं हवेत. हात खालच्या कडेला आणि बाजूला. पडद्यावर अंगठा दाबून धरायचा नाही.

## ४. जागा आणि वीज

आपल्याकडे सगळ्यात जास्त सेट मरतात ते याच टप्प्यावर.

जुनं धाब्याचं घर असेल, भिंत मातीची असेल, तर भिंतीवर टांगायचा विचार सोडा. खुंटी धरत नाही आणि पावसाळ्यात ओल येते. अर्ध्या विटेच्या पार्टिशनवरही नको. मजबूत लाकडी टेबल किंवा ओट्यासारखा बांधीव कट्टा उत्तम. पक्क्या भिंतीवर टांगणार असाल तर मागच्या चार छिद्रांमधलं अंतर मोजून ब्रॅकेट घ्या, दुकानदाराच्या अंदाजाने घेऊ नका.

मागे आणि बाजूंना १० सेंटीमीटर, वर त्याहून थोडी जास्त मोकळी जागा सोडा. बहुतेक सेटच्या पुस्तिकेत ४० अंशांपर्यंतची खोली चालेल असं लिहिलेलं असतं. आपल्याकडे मे महिन्यात बाहेर ४५ असतं, वरच्या मजल्यावरची पत्र्याची खोली तर भट्टी होते. त्या दुपारी टीव्ही बंद ठेवा. हा सेट संध्याकाळचाच आहे.

खबरदार, कूलर: कूलरचा झोत टीव्हीच्या पाठीवर येता कामा नये. ती हवा ओली असते, सोबत धूळ नेते आणि आतल्या बोर्डांवर त्याचा चिखलासारखा थर बसतो. कूलर आणि टीव्ही एकाच बोर्डावर, एकाच स्टॅबिलायझरवर तर कधीच नको.

समोर पश्चिमेची खिडकी असेल तर जागा बदला. पडदा काचेचा आहे, खिडकी जशीच्या तशी त्यात दिसते. बसायचं अंतर ५० इंचीला आठ फूट धरा, जुन्या साध्या चॅनेलांसाठी दहा.

आता वीज. वायरमनला बोलावून मल्टिमीटरने दोन वेळा मोजून घ्या. एकदा संध्याकाळी सात ते नऊ, आणि एकदा शेतातले पंप चालू असताना. फेज आणि न्यूट्रलमध्ये २३० च्या जवळपास हवं. न्यूट्रल आणि अर्थिंगमध्ये जवळजवळ शून्य. तिथे दहा-वीस व्होल्ट दिसले तर अर्थिंग नावालाच आहे. आधी ते करून घ्या, टीव्ही चार दिवस गोधडीत राहू द्या. थ्री-पिनची जाड पिन कापून टू-पिनमध्ये घुसवलेला सेट मी पाहिलाय. मागच्या लोखंडी पत्र्याला हात लावला की झिणझिण्या येत होत्या, आणि त्या घरात रांगणारं मूल होतं.

स्टॅबिलायझर लेबलवरच्या वॅटच्या दीडपट ते दुप्पट क्षमतेचा घ्या. त्यात दोन गोष्टी हव्यात. व्होल्टेज फार चढलं किंवा उतरलं की पुरवठा तोडणारी सोय, आणि लाइट परत आल्यावर दोन-तीन मिनिटं थांबून चालू होणारी सोय. खांबावरचा न्यूट्रल तुटला तर घरात ४०० व्होल्टपर्यंत येऊ शकतात, तेव्हा फक्त पहिली सोय वाचवते. लोडशेडिंगनंतर लाइट येते त्या क्षणाचा झटका दुसरी सोय अडवते. स्वस्त स्क्वेअर-वेव्ह इन्व्हर्टरवर प्लाझ्मा लावू नका. गुणगुण दुप्पट होते आणि बॅटरी बघता बघता बसते.

## ५. पहिल्यांदा चालू करणं

प्रवासातून आल्यावर दोन तास उभा राहू द्या. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत रात्री आणला असेल तर सकाळपर्यंत, कारण गार काच उबदार खोलीत आली की आत दव धरतं.

तेवढ्यात मागच्या जाळ्यांवरची धूळ मऊ ब्रशने काढा. पडदा कोरड्या मायक्रोफायबरने, किंवा जुन्या मऊ सुती लुगड्याच्या तुकड्याने, दाब न देता. काच पुसायचा निळा द्रव नको, पडद्यावरचा चकाकी कमी करणारा थर उतरतो. डाग हटत नसेल तर कापड किंचित ओलं करा. पाणी कापडावर घ्यायचं, पडद्यावर कधीच फवारायचं नाही.

मग चालू करा आणि पहिले दोन-तीन दिवस पूर्ण पडदाभर हलतं चित्र दाखवणारंच काही बघा.

## ६. आत येणारं चित्र

खराब सिग्नलवर रंग जुळवत बसणं म्हणजे गाळ न काढता विहिरीचं पाणी गाळणं. आधी हे करा.

सेट-टॉप बॉक्स एचडी असू द्या आणि जोडणी एचडीएमआयनेच. बॉक्सच्या सेटिंगमध्ये १०८०आय निवडा. मोबाइल अ‍ॅप चालवणारी स्टिक किंवा बॉक्स असेल तर १०८०पी. या टीव्हींना फोर-के समजत नाही, त्यामुळे बॉक्स फोर-केवर अडकला असेल तर पडदा काळा राहतो आणि लोक एचडीएमआय बिघडला म्हणून मेकॅनिककडे धावतात. स्टिकला वीज तिच्या अ‍ॅडॅप्टरनेच द्या, टीव्हीच्या यूएसबीने नको.

नंतर चित्राचा आकार. टीव्ही कडा कापून चित्र ताणतो, त्यामुळे खालच्या पट्टीची अक्षरं अर्धी दिसतात. एलजीमध्ये 'जस्ट स्कॅन', सॅमसंगमध्ये 'स्क्रीन फिट' निवडा, पॅनासॉनिकमध्ये 'ओव्हरस्कॅन' बंद करा.

तपासा: बॉक्सचा मेनू उघडून चारही कडा पूर्ण दिसतात का बघा. दिसत असतील तरच पुढे.

## ७. चित्र जुळवणं

हे रात्री करा, खोलीत रोज असतो तेवढाच उजेड ठेवून, टीव्ही अर्धा तास तापल्यावर. दुपारी जुळवलेलं चित्र रात्री डोळ्यात घुसतं.

पहिली पायरी, मोड. 'व्हिव्हिड' किंवा 'डायनॅमिक'मधून बाहेर पडा आणि 'मूव्ही' किंवा 'सिनेमा' घ्या. वीज वाचवणारी आणि आपोआप कॉन्ट्रास्ट बदलणारी सेटिंगं बंद करा, नाहीतर तुम्ही जुळवलेलं ती मागून बदलत राहतात. कलर टोन 'वॉर्म'. पहिल्या रात्री सगळं पिवळं वाटेल, घरचे कुरकुरतील. चार दिवस थांबा. चार दिवसांनी परत 'कूल' लावून दाखवा, सगळ्यांचे चेहरे निळसर दिसतील आणि तेच म्हणतील की आधीचं बरं होतं.

दुसरी, ब्राइटनेस. सगळ्यात जास्त चूक इथेच होते, म्हणून सावकाश सांगतो. ब्राइटनेस वाढवल्याने उजेड वाढतो असं नावावरून वाटतं. प्रत्यक्षात त्याने काळं किती काळं दिसावं ते ठरतं. तो चढवला की काळं राखाडी होतं, आणि फोनवर ऐकू येणारं "मळकट चित्र" ते हेच. घरातल्या लग्नाचा व्हिडिओ लावा, नवरदेव काळ्या कोटात असेल तो भाग थांबवून नव्हे, चालू ठेवून. ब्राइटनेस इतका उतरवा की कोट एक सपाट काळा तुकडा होईल, बटणं आणि बाहीच्या चुण्या हरवतील. आता एकेक अंक वर या. कोपराजवळची पहिली चुणी जेमतेम परत दिसली की थांबा. त्यापुढे एक अंकही नको. पडद्याला नाक लावून बघितलं तर अंधाऱ्या भागात बारीक दाणे वळवळताना दिसतात. ती प्लाझ्माची काम करायची पद्धत आहे, आठ फुटांवरून दिसत नाही.

तिसरी, कॉन्ट्रास्ट. उजेड याने बदलतो. त्याच लग्नात पांढऱ्या टोप्या असतीलच. कॉन्ट्रास्ट वाढवत जा. टोपीची घडी दिसेनाशी होऊन नुसता पांढरा ठिपका उरला की चार-पाच अंक खाली या, घडी परत दिसली पाहिजे. पूर्ण १०० वर ठेवू नका, वीजही जास्त जाते आणि ठसेही लवकर पडतात. मग परत ब्राइटनेस तपासा. दोन्ही एकमेकांना थोडं ढकलतात, म्हणून ही फेरी दोनदा करावी लागते.

चौथी, कलर. आपल्या लोकांना केळीच्या पानाचा रंग कुणी शिकवायला नको. रावेर-यावलच्या रस्त्यावर मोबाइलने काढलेला बागेचा व्हिडिओ टीव्हीवर लावा. पान रंगाच्या डब्यातून काढल्यासारखं दिसलं तर कलर जास्त आहे. नंतर चेहरे. माझ्या मावशीने पहिल्या दिवशी वृत्तनिवेदकाकडे बघून विचारलं होतं, "तोंड इतलं लाल का दिसस?" तिचंच खरं होतं, कलर आठ अंक जास्त होता.

शार्पनेस शून्याजवळ आणा. अक्षरांभोवतीची पांढरी कड गेली की थांबा. टिंटला हात लावू नका.

शेवटी: सगळे अंक कागदावर लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. प्रत्येक एचडीएमआयचं सेटिंग बहुतेक वेळा वेगळं असतं, तिथेही तेच अंक भरा. पोरांनी बटणं दाबली तरी दोन मिनिटांत सगळं जागेवर येतं.

## ८. रोजचा वापर

बातम्या एका बैठकीत अर्ध्या तासावर नको. क्रिकेटचा स्कोअर, गेममधला नकाशा, चित्र थांबवून जेवायला जाणं, सगळ्याचा धोका तोच, ठसा पडण्याचा. मेनूमध्ये 'पिक्सेल शिफ्ट' किंवा 'ऑर्बिटर' (चित्र अधूनमधून किंचित सरकवणारी सोय) असेल तर कायम चालू ठेवा. जुन्या चौकोनी चॅनेलच्या दोन्ही बाजूंच्या काळ्या पट्ट्याही तासन् तास राहिल्या तर खूण सोडतात, तेव्हा चित्र पडदाभर करा.

सावली दिसलीच तर दोन प्रकार ओळखा. हलतं चित्र तास-दोन तास बघितल्यावर फिकी पडली, तर ती तात्पुरती. पंधरा दिवसांनीही तशीच असेल तर तो कायमचा ठसा. तो घालवायला काही जण पांढरा पडदा दोन-दोन दिवस चालू ठेवतात. ठसा पूर्ण जात नाही, उलट सगळं पॅनेल झिजतं आणि तापतं.

रात्री झोपताना स्विच भिंतीवरून बंद. वादळी पावसात डिशची केबलसुद्धा बॉक्समधून काढा. मागच्या जाळीतून पाली आणि मुंग्या आत जातात, महिन्यातून एकदा टॉर्चने बघा. जाळी चिकटपट्टीने बंद मात्र करू नका.

## ९. बिघडलाच तर

मागचा पत्रा स्वतः उघडू नका. आत २०० व्होल्टच्या आसपास चालणारे बोर्ड आहेत, आणि वायर काढल्यावरही कॅपॅसिटरमध्ये वीज साठून राहते.

लाइट गेल्यानंतर सुरूच झाला नाही किंवा लाल दिवा लुकलुकतोय, तर बहुतेक पॉवर सप्लाय, आणि तो दुरुस्त होतो. आडवा पट्टा किंवा अर्धा पडदा काळा, तर एखादा स्कॅन बोर्ड (पडद्याच्या आडव्या ओळी चालवणारा), तोही बदलता येतो. खालपर्यंत जाणारी उभी रेघ बहुतेक पॅनेलला चिकटलेल्या पट्टीची असते, त्यावर पैसे घालवू नका.

मेकॅनिक पत्रा उघडेल तेव्हा जवळ उभे राहा आणि पॅनेलच्या पाठीवर चिकटवलेल्या छोट्या कागदाचा फोटो काढून घ्या. त्यावर 'व्हीएस' आणि 'व्हीए' असे व्होल्टेजचे आकडे छापलेले असतात. प्रत्येक पॅनेलचे आकडे वेगळे. दुसऱ्या सेटमधून काढलेला पॉवर सप्लाय बसवला तर त्याच आकड्यांवर जुळवावा लागतो. तसं न केल्याने चांगल्या पॅनेलवर ठिणग्या येऊ लागलेले दोन सेट मी भंगारात जाताना पाहिले. बोर्डांवरचे नंबरही त्याच फोटोत येऊ द्या. सुटे भाग आता नवीन मिळत नाहीत, फुटक्या पॅनेलच्या सेटमधूनच काढावे लागतात, आणि फोनवर नंबर वाचून दाखवता आला तर शोधणाऱ्याचं काम निम्मं होतं.